निळ्या काठाची ताटली आणि विकतचे मिन्सपाय

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मिन्सपाय खाल्ले. देवदर्शन नाही, की एकमेकांना चार शहाणपणाचे शब्द सांगितले असंही नाही. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार दुकानांतले चार खोके उघडून बसलो होतो आणि बायको भाजीच्या सुरीनं एकेका मिन्सपायाचे चार भाग करत होती. मला पाव, तिला पाव, बाकीचं झाकून. मला साखरेचा आजार, त्यामुळं मापात लाड नव्हता.

"हा तुकडा बारका आहे," मी म्हणालो.

"तुमची शुगर बारकी आहे का?" ती म्हणाली.

ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिन्सपाय हा इथला नाताळचा पदार्थ. तळहातावर मावेल एवढी मैद्याची वाटी, आत मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, लवंग, दालचिनी असलं चिकट गोड सारण, वर मैद्याचंच झाकण. खिमा भरलेला मिन्सपाय वेगळा, तो इथं बारा महिने मिळतो, त्याच्याशी आमचा संबंध नाही. गोडातसुद्धा कुठंकुठं जनावराची चरबी घालतात म्हणून सून प्रत्येक खोक्यावरची बारीक अक्षरं वाचायची आणि मगच खोका आमच्या हातात द्यायची. बायकोच्या लेखी ही करंजीच होती, फक्त गोल आणि भट्टीत भाजलेली. म्हणून तिनं तिला करंजीचेच नियम लावले. पारी खुसखुशीत पाहिजे. आत सारण खुळखुळता कामा नये. दातांनी तोडल्यावर तुकडा पडला पाहिजे, भुगा नाही.

टेबलाच्या मधोमध निळ्या काठाची एक ताटली होती. ती शेजारच्या म्हातारीची. तिनं तीत सहा मिन्सपाय दिले होते, त्यातले दोन उरले होते. खरी परीक्षा त्या दोघांची होती. ते चारांपैकी कुठल्या दुकानातले, हे आम्हाला शोधून काढायचं होतं. कारण म्हातारी म्हणायची, मी घरी केलेत.

ही भानगड समजायला थोडं मागं जावं लागेल.

मुलगा इथं न्यूझीलंडात, वेलिंग्टनला सरकारी ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करतो. मी सातवी शिकलेला माणूस, पिंपरीच्या कारखान्यात जन्म काढला. रिटायर झालो तसं त्यानं आम्हाला इकडं बोलावून घेतलं. पहिल्या डिसेंबरात आम्हाला काही सुधरत नव्हतं. उन्हाळ्यात नाताळ, आणि उन्हाळा म्हणजे स्वेटर घालून बसायचा. वारा तर असा, की बायकोनं वाळत घातलेली साडी दोरीवरून सुटली, कुंपण ओलांडून गेली आणि शेजारच्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसली.

"जा, आणा," बायको म्हणाली.

"मी नाही जात. मला इंग्रजीत साडी मागता येत नाही."

आमचं हे चाललेलं असताना म्हातारीच दारात आली. एका हातावर साडीची घडी, इतकी नीट की इस्त्रीवाला लाजेल. दुसऱ्या हातात निळ्या काठाची ताटली, तीत सहा मिन्सपाय. "किया ओरा," म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली आणि पुढं बरंच काही बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी "थँक यू, थँक यू" करत राहिलो. बायको माझ्यापेक्षा हुशार. तिनं ताटलीकडं बोट केलं, मग म्हातारीकडं केलं, आणि भुवया उडवल्या. तुम्ही केलंत का? म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. नखांत पीठ होतं.

ते मिन्सपाय काय होते म्हणून सांगू. कडा काट्यानं दाबलेल्या, एकसारख्या नाहीत, एखादीकडं सारण उतू गेलेलं. बायकोनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हिचा हात आहे," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून हे वाक्य मी तोवर फक्त तिच्या आईबद्दल ऐकलं होतं.

आता प्रश्न ताटलीचा. आपल्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर का होईना घालून देतात. मी म्हणालो, घाल साखर आणि दे. ती म्हणाली, "जिनं साडीची घडी घालून आणली तिला साखर देऊ?" काय द्यायचं ते ठरेना. शेवटी ताटली आमच्या फडताळात दिवाळीपर्यंत राहिली आणि दिवाळीला करंज्या भरून परत गेली. करंज्यांबरोबर एक मोदक. करंजी एकटी करायची नाही, बहिणीबरोबर भाऊ पाहिजे, म्हणून शेवटच्या पारीचा एक मोदक वळून तळायचा, अशी आमच्याकडं रीत. पुढच्या नाताळात ताटली मिन्सपाय घेऊन आली. दिवाळीत करंज्या घेऊन गेली. असं सुरू झालं ते थांबलंच नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण कुंपणापाशी अर्धा अर्धा तास बोलायच्या. एक मराठीत, एक इंग्रजीत. मधे हसायच्या पण.

मग एका नाताळात ताटली आली आणि बायको दार लावून सरळ माझ्याकडं वळली.

"हे तिनं केलेले नाहीत."

"कशावरून?"

"नखं बघितली नाहीत का? स्वच्छ. आणि हे बघा, सगळ्यांवर चांदणी, सगळ्या चांदण्या सारख्या. माणसाच्या हातून असं होतं का? हे साच्यातलं काम आहे. वरनं पिठीसाखर शिंपडून पाप झाकलंय."

नंतर तिच्याकडं चहाला गेलो तेव्हा मी म्हातारीला नीट बघितलं. बोटांचे सांधे सुजलेले, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरत होती. पीठ मळणार कुठून? पण बायकोनं विचारलं, "यू मेक? व्हेरी गुड," तर म्हातारीनं मान हलवली. हो म्हणाली. बायकोही हो म्हणाली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, तोंडावर खोटं बोलली की ती. तर माझ्यावरच डाफरली. "बाईनं इतकी वर्षं हातानं केलंय. आता विकतचं आहे हे सांगायला जीभ उचलते का? तुम्हाला नाही कळायचं."

मला नाही कळलं. पण पुढच्याच दिवाळीत हिचं मनगट धरलं. लाटणं फिरेना. एकदा मी इंडियन शॉपमधून आलो आणि पिशवी रिकामी करताना बघतो, तर तयार करंज्यांचं पाकीट. हिनंच सुनेला सांगून यादीत घुसवलं होतं. त्या करंज्या तिनं ओव्हनमध्ये जरा शेकल्या, ताटलीत लावल्या आणि वरनं एक मोदक ठेवला. तो मात्र मनगटाला फडकं बांधून स्वतः वळला आणि तळला.

"म्हणजे ती तुला फसवते आणि तू तिला," मी म्हणालो.

"फसवत नाही. मोदक खरा आहे ना?"

तेव्हापासून मिन्सपाय कुठले हे शोधायचा नाद लागला. नाताळ जवळ आला की आम्ही बसनं हिंडून खोके गोळा करायचो. पहिल्या वर्षी कोपऱ्यावरच्या डेअरीतला घेतला. डेअरी म्हणजे दुधाची नव्हे, इथं किराणा आणि पेपर विकणाऱ्या दुकानाला डेअरी म्हणतात. तो इतका शिळा होता की चिमण्यांनी टोच मारून सोडून दिला. एक वर्ष एक आणला, त्यात सारण म्हणून नुसता जॅम. बायको म्हणाली, "ही करंजी नाही, ही जखम आहे." सुनेला हसू आवरेना. मुलगा म्हणायचा, आई, सरळ विचार ना तिला. आई पुढचा खोका उघडायची. आणि दर वर्षी दुकानवाले काहीतरी बदलायचे, त्यामुळं उत्तर कधी लागायचं नाही. मी दर वर्षी एक दुकान सांगायचो आणि ती दर वर्षी मला वेड्यात काढायची. चवीच्या बाबतीत मी संसारात कधी जिंकलेलो नाही, ती सवयच होती.

ह्या वर्षी मात्र तिनं वेगळंच काढलं. ताटली शुक्रवारी आली, आणि ती म्हणाली, "ह्या खेपेला दिवाळीची वाट बघायची नाही. दुकान शोधायचं, त्याच दुकानातले मिन्सपाय ह्या ताटलीत भरायचे आणि नाताळच्या आधी तिच्या दारात जायचं. बघितल्याबरोबर तिला कळेल की मला कळलंय."

"आणि रागावली तर?"

"नाही रागवायची. हसेल. मग मी पण माझ्या करंज्यांचं सांगून टाकीन. दोघी सुटू."

"दिवाळीला सांग की."

"दिवाळीला अजून किती महिने. तोवर मी हसू कुठं दाबून ठेवू?"

एकच अट होती. दुकान बरोबर लागलं पाहिजे. दुसऱ्याच दुकानातले नेले तर म्हातारीला वाटणार, हिनं आपल्याला साधी भेट आणली, आणि सगळी मजा पाण्यात. म्हणून शनिवारी आम्ही एवढे मन लावून बसलो होतो.

डेअरी आणि एक सुपरमार्केट लगेच बाद झाले. राहिले दोन. एक स्टेशनजवळच्या बेकरीचा, लोण्यातला, महाग. दुसरा टेकडीखालच्या मोठ्या दुकानाचा, सगळ्यांत स्वस्त, दाराशीच ढीग लावून ठेवलेला. दोन्हींवर चांदणी.

"मोठं दुकान," मी म्हणालो.

"काहीतरीच. ती बाई असलं ढिगातलं आणेल का आपल्याला? बेकरीचा आहे."

"तू चव बघून बोलतीयेस की माणूस बघून?"

"दोन्ही बघावं लागतं."

मी म्हणालो, पण बेकरीचा मऊ आहे आणि ताटलीतला कडक. तिनं ताटलीतला तुकडा पुन्हा चावला, थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. "तिनं ते गरम केलेत. घरचे वाटावेत म्हणून ओव्हनमध्ये घातलेत, मी करंज्या घालते तसे. गरम होऊन गार झालेत, म्हणून कडक. आपण थंड खाऊन बसलोय, कसं जुळेल?"

लगेच उठली. दोन्ही खोक्यांतला एकेक काढून ट्रेवर ठेवला, ओव्हनमध्ये गरम केला, आणि बंद करून तसाच आत गार व्हायला सोडला. कुठला कुठला ते कळावं म्हणून बेकरीच्याला खूण केली, त्याच्या शेजारी एक लवंग ठेवली. मी लगेच खाऊ म्हणालो तर हात धरला.

"आता तोंडात सगळ्यांची भेसळ झालीय. सकाळी कोऱ्या तोंडानं खाऊ. मग सांगते तुम्हाला."

रविवारी सकाळी मी नेहमीसारखा तिचा चहा घेऊन गेलो, तर ती उठली नाही. झोपेतच गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी चहा खाली ठेवला आणि मुलाला हाक मारली. त्या दिवसाचं आणखी काही लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही.

घर माणसांनी भरलं. महाराष्ट्र मंडळातली पोरं, पोरी, कुणी पुण्याची कुणी मुंबईची, बायको सगळ्यांची काकू. डबे आले. सुतक म्हणून घरात कुणी काही शिजवलं नाही. सून माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तेराव्यापर्यंत गोड नाही हं." शेजारची म्हातारी पण आली. एवढी गर्दी बघून दारातच थांबली, माझा हात तिच्या वाकड्या बोटांत धरला, "ओ लव," असं मायेनं म्हणाली आणि गेली. मी तिच्याकडं बघितलं आणि मला एकदम ताटली आठवली. ती फ्रिजवर होती. कुणीतरी तिच्यातला एकुलता उरलेला मिन्सपाय वाटीखाली झाकून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सगळ्यांच्या आधी उठलो. चहा टाकावा म्हणून पातेलं शोधायला लागलो. आलेल्या बायकांनी भांडी घासून कुठं कुठं लावून ठेवली होती, काही सापडेना. सून कधीकधी पातेली ओव्हनमध्ये ठेवते म्हणून ओव्हन उघडला.

ट्रे आत होता. दोन मिन्सपाय, आणि एकाच्या शेजारी लवंग.

घरात चूल पेटली नव्हती, त्यामुळं कुणी ओव्हन उघडलाच नव्हता. मी ट्रे बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि बघत बसलो. तेरा दिवस गोड नाही, हे मला माहीत होतं. पण सकाळी कोऱ्या तोंडानं खायचं हेही ठरलेलं होतं, आणि ते आधी ठरलं होतं. चूळ भरली. तिचीच सुरी घेतली. तिन्हींचे चार चार भाग केले आणि पाव पाव खाल्ला. लवंगवाला आधी. तो गरम होऊन आणखीच खुसखुशीत झाला होता, जिभेवर विरघळला. झकास होता, पण तो नव्हे. मग बिनखुणेचा. कडक, मठरीसारखा, आत सालीचा कडवट चावा. मग ताटलीतला. तोच. डोळे बांधून दिला असता तरी सांगितलं असतं.

मोठं दुकान. ढिगातला. मी जिंकलो होतो.

"अगं," असं तोंडातून गेलंसुद्धा. मग सुरी धुऊन ठेवली.

स्वस्तातल्या खोक्यात चार उरले होते. ते निळ्या काठाच्या ताटलीत लावले. सुतकाच्या घरचं कुणाला खायला देत नाहीत, हे मनात आलं. पण हे आमच्या घरचे नव्हतेच, दुकानातले होते, आणि सगळी मजा तीच तर होती. पायात जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, अडकवल्या आणि गेलो.

म्हातारीनं गाऊनवरच दार उघडलं. माझ्याकडं बघितलं, मग ताटलीकडं. चार चांदण्या. माझं इंग्रजी कामापुरतं, ते सगळं गोळा करून मी म्हणालो, "शी नो. लाँग टाइम, शी नो." म्हणजे तिला केव्हापासून माहीत होतं.

म्हातारीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, झालं, रडवली. पण ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती. मला हाताला धरून आत नेलं आणि खुर्चीत बसवलं. पुढचं ती इंग्रजीतच बोलली, मला समजलं तसं लिहितो.

"तिनं ओळखलं? ह्याच दुकानातले म्हणून?"

मी खरं सांगितलं. "नो. मी ओळखलं. ती म्हणत होती, बेकरीचे."

"बेकरीचे?" म्हातारी आणखी हसली. "तिला मी बेकरीतून आणणारी वाटले? देव तिचं भलं करो. मी सगळ्यांत स्वस्तातले आणते."

मग मी करंज्यांचं सांगायला गेलो, कारण ती सांगणार होती. शब्द जुळवतोय तोवर म्हातारीनं हात हलवला. "ते मला माहितीय. तुमचा पुठ्ठे-प्लास्टिक टाकायचा डबा वाऱ्यानं आडवा झाला होता, रिसायकलिंगचा, आणि पाकीट उडून माझ्या अंगणात आलं. वर चित्र होतं." वारा पहिल्या दिवसापासून ह्या दोघींच्या पाठीमागं लागलेला.

"पण तो एक गोल असायचा ना, टोकाचा," ती म्हणाली आणि वाकड्या बोटांनी हवेत मोदकाची चुणी काढून दाखवली. "तो तिनं केलेला असायचा. मी नेहमी तो पहिला खायची."

मग तिनं किटली लावली. दोन कप मांडले, एकेक करून, दोन्ही हातांनी. ताटलीतला एक मिन्सपाय माझ्यापुढं ठेवला आणि सुरी शोधायला उठली, कारण कुंपणापाशी हिनं तिला माझ्या शुगरचं कधीतरी सांगितलेलं असणार. मी म्हणालो, सुरी नको. अख्खा खाल्ला.

मग उठलो. म्हातारी उरलेले तीन डब्यात काढून ताटली मला परत द्यायला लागली. मी नाही म्हणालो. ती समजली नाही, पुन्हा पुढं केली. रिकामी ताटली मी कशी घेऊ? तिच्या ओट्यावर ठेवली आणि बोटानं दाखवलं, तुझी. आता पाळी तुझी.